बारा विहिरींची वही

गेल्या डिसेंबरातील एका रात्री साडेनऊच्या सुमारास फोन वाजला. पलीकडून आवाज आला, “ताई, जय भीम. मी आपल्या शाळेची. दहावीपर्यंत वसतिगृहात होते. आता बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे.” वडील मुकुंदवाडीत रिक्षा चालवतात, आई शिवणकाम करते, एवढे सांगून ती थांबली. मग एका दमात म्हणाली, “ताई, परदेशातल्या एका विद्यापीठाला आणि पुण्याच्या एका संस्थेला अर्ज करायचा आहे. पण माझ्याकडे एकच प्रोजेक्ट आहे, तोही तीन महिन्यांचा. बाकीच्यांकडे दोन-दोन इंटर्नशिप असतात, पेपर असतात. परदेशाच्या अर्जाची फी म्हणजे बाबांची आठवड्याची कमाई. भरू की नको?”

त्या रात्री मी तिला उत्तर दिले नाही. ‘भर’ म्हणणे सोपे होते, पण पैसे तिच्या वडिलांचे जाणार होते. ‘नको’ म्हणण्याचा अधिकार मला कोणी दिला नव्हता. “तुझी प्रोजेक्टची वही रविवारी घेऊन ये,” एवढेच मी म्हणाले.

स्मरणिका समितीने लेख मागितला तेव्हा मी शाळेच्या आठवणी लिहीन असे कबूल केले होते. परंतु लिहायला बसले की त्या मुलीचा प्रश्नच समोर येतो. त्या प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर शोधत मागे गेले, तर वाट आपल्या शाळेच्या विहिरीपाशीच जाऊन पोचते. म्हणून आठवणी आणि उत्तर, दोन्ही एकत्रच लिहिते आहे.

मी या शाळेत पाचवीला आले. वसतिगृहातील पहाटेची थंड पाण्याची अंघोळ, सायंकाळची वंदना आणि त्यानंतर दोन तासांची अभ्यासिका हे सर्व माजी विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. मला विशेष आठवते ते विहिरीचे पाणी. त्या पाण्यात साबणाला फेस येत नसे. डाळ शिजता शिजत नसे आणि स्वयंपाकघरातील मावशी पातेल्याच्या तळाशी साचलेला पांढरा थर विटकरीच्या तुकड्याने खरवडत बसत. आठवीत असताना मी विज्ञानाच्या सरांना विचारले, “सर, हा थर कशाचा?” सर म्हणाले, “पुस्तकात जड पाण्याचा धडा आहे, तो वाच. आणि मग मला सांग, आपल्याच विहिरीचे पाणी जड का?” धडा वाचून पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. दुसऱ्याचे मिळाले नाही. तो प्रश्न पुढे सहा वर्षे माझ्याबरोबर राहिला.

बी.एस्सी.ला मी तेव्हाच्या औरंगाबादेतील एका महाविद्यालयात होते. दुसऱ्या वर्षी फलकावर एका राष्ट्रीय संस्थेच्या उन्हाळी शिष्यवृत्तीची सूचना लागली. अर्जात ‘पूर्वीचा संशोधनाचा अनुभव’ असा रकाना होता. मी तिथे ‘नाही’ असे लिहिले आणि खाली रेघ मारली. निवड झाली नाही. त्यात अन्याय काही नव्हता. मात्र त्या रेघेने मला एक गोष्ट दाखवून दिली. आमच्या प्रयोगशाळेत आम्ही जे करत होतो ते पूर्वी हजारो विद्यार्थ्यांनी केलेले प्रयोग होते, आणि उत्तर चुकले तर शेजारच्याच्या वहीतून बरोबर आकडा उतरवून घेण्याची मुभा होती. आकडा चुकला तर का चुकला, हे कोणी विचारत नव्हते.

तिसऱ्या वर्षी प्रकल्पाचा विषय निवडायचा होता. मी रसायनशास्त्राच्या बाईंना विहिरीची गोष्ट सांगितली. बाईंनी विभागातील ब्युरेट आणि लागणारी रसायने वापरण्याची परवानगी दिली. बाटल्यांची सोय मात्र मी करायची होती. शाळेची विहीर आणि परिसरातील आणखी अकरा, अशा बारा विहिरी मी निवडल्या. सायकलच्या कॅरिअरला पिशवी बांधून दर पंधरा दिवसांनी पाणी आणत असे. ईडीटीएचे द्रावण थेंबाथेंबाने सोडायचे आणि लालसर रंग जाऊन स्वच्छ निळा रंग आला की थांबायचे. किती द्रावण लागले त्यावरून पाण्याचा जडपणा निघतो. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात तो लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालतो. शाळेच्या विहिरीचा माझा पहिला आकडा ६४० आला. आपल्याकडचे पाणी बेसॉल्ट खडकाच्या भेगांतून झिरपत येते आणि येताना कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार बरोबर घेऊन येते, हे मी तेव्हा वाचून काढले. आठवीतल्या प्रश्नाचे उत्तर अशा रीतीने मिळाले.

पण प्रकल्पाची खरी गोष्ट पुढे आहे. चौथ्या फेरीत त्याच विहिरीचा आकडा ५१० आला. मध्ये पाऊस नव्हता, विहीर उपसलेली नव्हती. माझ्या एका वर्गमित्राने सल्ला दिला, “६३० लिही. कोण बघतंय?” मी पेन उचललेही होते. परंतु अभ्यासिकेत चुकलेले गणित खोडू न देणारे, चुकीवर एकच आडवी रेघ मारून खाली नव्याने सोडवायला लावणारे आपले अधीक्षक सर आठवले. मी ५१० हाच आकडा लिहिला आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह काढले. त्या फेरीत परीक्षेमुळे बाटल्या चार दिवस खोलीच्या पत्र्याखाली राहिल्या होत्या. धुताना एका बाटलीच्या आतल्या बाजूला हात लागला तेव्हा ती खरखरीत लागली. तोच पांढरा थर होता! पाण्यातला कार्बन डायऑक्साइड उडून गेला की विरघळलेला चुना कॅल्शियम कार्बोनेट होऊन बाटलीला चिकटतो, आणि मोजायला उरलेले पाणी हलके भासते. विहिरीत काहीच बदलले नव्हते. बदलले होते ते माझ्या बाटलीत. त्यानंतर प्रत्येक विहिरीचे पाणी मी दोन बाटल्यांत आणू लागले. एकीत नायट्रिक आम्लाचे थेंब टाकून ठेवत असे, दुसरी तशीच ठेवत असे. दोन्हींतील फरक दर दिवशी किती वाढतो, याचा एक तक्ता तयार झाला. प्रकल्पाला गुण बेताचेच मिळाले, कारण तो तक्ता विषयाला सोडून आहे असे परीक्षकांचे मत पडले.

पुढे एम.एस्सी.साठी पुण्याच्या एका संस्थेची लेखी परीक्षा उत्तीर्ण झाले आणि मुलाखतीला गेले. बाहेरच्या बाकावर बसलेल्या मुलांच्या हातात मोठ्या संस्थांची प्रमाणपत्रे होती. माझ्याकडे ती वही होती. आत गेल्यावर पहिलाच प्रश्न आला, “तुम्ही काय केले?” मी बारा विहिरींविषयी सांगू लागले. चौघांपैकी दोघे कागद चाळत होते. ६४० आणि ५१० यांची हकीकत आली तेव्हा एकाने मान वर केली आणि विचारले, “मग आधीच्या तीन फेऱ्यांचे काय? त्या बाटल्या किती वेळ राहिल्या होत्या?” मला घाम फुटला, कारण पहिल्या फेरीची नोंद मी ठेवलेली नव्हती. “सर, पहिल्या फेरीचा आकडा विश्वासार्ह नाही. तो मी निष्कर्षात धरायला नको होता,” असे मी उत्तर दिले. पुढची वीस मिनिटे आम्ही केवळ त्या बाटल्यांविषयी बोललो. माझी निवड झाली.

ही हकीकत इथे संपवली असती तर लेख गोड झाला असता. परंतु त्याच वर्षीची आणखी एक गोष्ट सांगितली नाही तर मी खोटी ठरेन. माझ्या वर्गातील एका मित्राचे काम माझ्यापेक्षा सरस होते. त्याने एका वनस्पतीच्या पानांतील रंगद्रव्ये वेगळी करण्याची पद्धत महिनोन्महिने खपून बसवली होती. त्याने तीन ठिकाणी अर्ज केले. शिफारसपत्र ज्यांच्याकडून घेतले त्यांनी तो हुशार आहे, नियमित आहे आणि त्याचे वर्तन चांगले आहे अशा तीन ओळी लिहिल्या. त्याने काय केले याचा त्यात उल्लेखही नव्हता. त्याला कुठूनही बोलावणे आले नाही. आज तो वाळूजच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे, काम चोख करतो आणि घर त्याने उभे केले आहे. त्याचे आयुष्य वाया गेले असे मी मुळीच म्हणणार नाही. पण ज्या दारात मी शिरले त्या दारात शिरण्याची त्याची योग्यता माझ्याहून अधिक होती, हे मला ठाऊक आहे आणि त्यालाही.

तिसरी गोष्ट लिहायला जड जाते. काही वर्षांपूर्वी एका संस्थेत उन्हाळी प्रशिक्षणासाठी आलेले अर्ज तपासण्याचे काम माझ्याकडे होते. जागा सहा आणि अर्ज शंभराहून अधिक. गुणपत्रकात ‘संशोधनाचा अनुभव’ यासाठी दहा गुण होते. मी महिने मोजत गेले. सहा महिने काम केलेल्याला सात, वर्षभर केलेल्याला नऊ, असा हिशेब. बीड जिल्ह्यातील एका महाविद्यालयाच्या मुलाने एकच वाक्य लिहिले होते: ‘गावातील विहिरींच्या पाण्याचे परीक्षण केले.’ मी त्याला दोन गुण दिले. यादी लागल्यानंतर कागद आवरताना ते वाक्य पुन्हा दिसले आणि हात थांबला. किती विहिरी? किती वेळा? कोणता आकडा चुकला? यांतले काहीच त्याने लिहिले नव्हते, कारण ते लिहायचे असते हे त्याला कोणी सांगितले नव्हते. आणि मी विचारलेही नव्हते. एके काळी माझ्या अर्जात रेघ होती, त्याच्या अर्जात निदान एक वाक्य तरी होते. पुढच्या वर्षी मी त्याच्या अर्जाची वाट पाहिली. तो आला नाही.

या तिन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या तर त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर काय निघते? थोडा अनुभव पुरतो का?

पालकांच्या माहितीसाठी सांगते की सगळे दरवाजे एका मापाचे नसतात. आयआयटीतील एम.एस्सी.चा प्रवेश ‘जॅम’ या परीक्षेतील गुणांवर होतो. तिथे प्रकल्प कोणी विचारत नाही, अभ्यास विचारतात. जिथे लेखी परीक्षेनंतर मुलाखत असते, तिथे एकच प्रकल्प पुरतो, मात्र तो स्वतः केलेला असावा आणि त्यातील प्रत्येक आकड्याचा जाब देता यावा. देशातील तीन विज्ञान अकादमी मिळून दोन महिन्यांची उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात. ज्यांच्या महाविद्यालयात फारशा सोयी नाहीत अशा मुलांना मोठ्या प्रयोगशाळेचे दार उघडणारी ती एक उत्तम वाट आहे. परदेशातील ज्या एम.एस.ला मुख्यतः अध्यापन असते, तिथे गुण आणि अर्जातील निवेदन यांचे वजन अधिक असते. परंतु परदेशात थेट पीएच.डी.साठी अर्ज करायचा तर स्पर्धा एक-दोन वर्षे प्रयोगशाळेत घालवून आलेल्यांशी असते. तिथल्या अनेक विभागांनी जीआरई या परीक्षेची अट काढून टाकल्यापासून तर शिफारसपत्र आणि केलेले काम यांवरच सारी भिस्त असते. अशा ठिकाणी तीन महिन्यांचा प्रकल्प बहुधा पुरत नाही, आणि हे मुलांना स्पष्ट सांगितले पाहिजे. आधी प्रबंध असलेली एम.एस्सी. करावी, किंवा एखाद्या संस्थेत प्रकल्प सहायक म्हणून वर्षभर काम करावे, आणि मग अर्ज करावा. राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती मिळवायची तरी जागतिक क्रमवारीत वरच्या असलेल्या विद्यापीठाचा प्रवेश हाती असावा लागतो. म्हणजे घाईने केलेला कच्चा अर्ज प्रवेशही घालवतो आणि शिष्यवृत्तीही.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीचे चौथे वर्ष संशोधनासह करण्याची सोय झाली आहे. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण असले तर ती मिळते, आणि त्या वर्षी १२ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प असतो. आपल्या राज्यातील संलग्न महाविद्यालयांत हे धोरण २०२४-२५ पासून लागू झाले. तेव्हा मुलांचा प्रवेश घेताना पालकांनी महाविद्यालयाला एक प्रश्न अवश्य विचारावा: चौथ्या वर्षाच्या संशोधनाची सोय तुमच्याकडे आहे का, आणि मार्गदर्शक कोण आहेत? इमारत पाहून येऊ नये.

बाबासाहेबांचे उदाहरण आपण मुलांना नेहमी देतो, पण या बाबतीत ते नीट पाहिले पाहिजे. १९१३ च्या जुलैमध्ये ते न्यूयॉर्कला पोचले तेव्हा त्यांच्याजवळ मुंबई विद्यापीठाची बी.ए. पदवी होती आणि सयाजीराव महाराजांची दरमहा साडेअकरा पौंडांची तीन वर्षांची शिष्यवृत्ती होती. संशोधन त्यांनी तिथे गेल्यावर केले. अर्थशास्त्राचेच २९ अभ्यासक्रम त्यांनी घेतले, त्याशिवाय इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र. १९१५ मध्ये एम.ए. झाले. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी जातिसंस्थेवरील निबंध वाचला आणि पुढच्या वर्षी तो ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापून आला. लंडनला जाण्याची वेळ आली तेव्हा त्यांचे गुरू सेलिगमन यांनी तिथल्या प्राध्यापक फॉक्सवेल यांना पत्र लिहिले. ‘बाबासाहेबांनी केले, मग तुम्हाला का जमत नाही?’ असे मुलांना टोचण्यासाठी ही हकीकत नाही. तो काळ वेगळा होता आणि ते बाबासाहेब होते. मला त्यात दुसरेच काही दिसते. पदरी पुरावा नसताना कोणीतरी त्यांच्यावर भरवसा टाकला, आणि पुढे त्यांचे काम जवळून पाहिलेल्या गुरूने त्यांच्यासाठी पत्र लिहिले. माझ्या मित्राला ही दुसरी गोष्ट मिळाली नाही. बीडच्या त्या मुलाला दोन्ही मिळाल्या नाहीत.

१९५० मध्ये बाबासाहेबांनी या शहरात मिलिंद महाविद्यालय सुरू केले तेव्हा मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठही नव्हते. ते १९५८ साली आले. त्यांनी दार आपल्या गावापर्यंत आणून दिले. पुढच्या दारांवर काय लिहिलेले असते ते वाचून दाखवण्याचे काम आपले, म्हणजे जे आत जाऊन आले त्यांचे आहे.

रविवारी ती मुलगी वही घेऊन आली, बरोबर वडीलही आले. अर्जाच्या निवेदनाची तिची पहिली ओळ होती, ‘मला लहानपणापासून विज्ञानाची आवड आहे.’ मी म्हटले, “हे सगळेच लिहितात. तू काय केलेस ते सांग.” तिने खाम नदीच्या पाण्यातील विरघळलेला प्राणवायू तीन ठिकाणी मोजला होता. मी विचारले, “पाणी किती वाजता घेतलेस?” “सकाळी सातला, ताई. नंतर कॉलेज असायचं.” “आणि दुपारी घेतले असते तर?” ती गप्प झाली. शेवाळ रात्रभर पाण्यातला प्राणवायू वापरते आणि दिवसा उन्हात तो सोडते, हे तिला पुस्तकातून माहीत होते, पण आपल्या बाटलीशी तिने ते जोडून पाहिले नव्हते. वडील इतका वेळ कोपऱ्यातल्या खुर्चीत अवघडून बसले होते. ते एकदम म्हणाले, “मग दुपारचं पाणी आणू की. रिक्षा आहे.”

पुढचे दोन दिवस बापलेकींनी पाणचक्कीजवळच्या ठिकाणापासून तिन्ही ठिकाणी सकाळ-दुपार जाऊन नमुने घेतले. एका ठिकाणी दुपारचा आकडा सकाळच्या जवळजवळ दुप्पट आला. तिने निवेदन नव्याने लिहिले. त्याची पहिली ओळ होती, ‘माझ्या प्रकल्पातील सर्व नमुने सकाळी सातचे आहेत आणि तो माझ्या अभ्यासाचा दोष आहे.’ तिच्या मार्गदर्शक बाईंना मी विनंती केली की शिफारसपत्रात तिच्या वर्तनाऐवजी तिच्या या कामाविषयी लिहावे. त्यांनी दीड पान लिहिले. पुण्याचा अर्ज गेला. परदेशाचा तिने स्वतःच पुढच्या वर्षावर टाकला, “अजून थोडं काम करते, मग भरते” म्हणाली. हा लेख छापायला जाईपर्यंत पुण्याचा निकाल लागलेला नाही.

माजी विद्यार्थी बंधू-भगिनींना माझी एक विनंती आहे. दर वर्षी ऑगस्ट ते डिसेंबर या महिन्यांत, महिन्यातून एका रविवारी, शाळेच्या ग्रंथालयात आपल्यापैकी दोघांनी-तिघांनी बसावे. पदवीला असलेल्या आपल्या मुलामुलींनी वह्या आणि अर्ज घेऊन यावे. आपण वाचावे, विचारावे, आणि जिथे अनुभव कमी पडतो तिथे तो कमी पडतो असे प्रेमाने पण स्पष्ट सांगावे. कोणी वकील असेल, कोणी बँकेत असेल, कोणी शिक्षक असेल. प्रश्न विचारायला विषय यावाच लागतो असे नाही. मुख्याध्यापकांनी जागा देण्याचे मान्य केले आहे. पहिल्या रविवारी मी असेन.

बारा विहिरींची माझी वही या निमित्ताने मी ग्रंथालयाला देत आहे. चौथ्या फेरीच्या पानावर ५१० पुढचे प्रश्नचिन्ह अजून तसेच आहे. पहिल्या फेरीच्या आकड्यांवर मात्र मी मुलाखतीहून परत आल्यावर एकच आडवी रेघ मारली होती. खालचे आकडे वाचता येतील, अशी.